बुद्धीस गंज न चढावा म्हणून

स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा धान्याच्या तेजीमंदीवर किंवा बाजार समितीच्या नियमांवर आम्ही चार शब्द लिहू, अशीच त्यांची अपेक्षा असावी. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. उभे आयुष्य ज्वारी, हरभरा आणि मूग यांच्या पोत्यांत गेले. तरीपण यंदा तेजीमंदी बाजूस ठेवून आम्ही डोक्याची गोष्ट काढणार आहोत. आपल्या धंद्यात सकाळच्या तासा-दीड तासात जो हिशेब डोक्यात होतो, त्यावर पुष्कळदा हंगामाचा नफातोटा ठरतो. ते डोके उतारवयात शाबूत राहावे यासाठी कोडी आणि बैठे खेळ यांचा उपयोग किती होतो, आणि किती होत नाही, हे घरच्या अनुभवावरून व थोड्याबहुत वाचनावरून सभासद बंधुभगिनींपुढे मांडावयाचे आहे.

आमचे थोरले बंधू आमच्याहून पंधरा वर्षांनी मोठे. घरात आणि बाजारात सर्व जण त्यांस दादाच म्हणत. रुपयाचे सोळा आणे होते त्या काळात ते शाळेत गेले. १९५७ च्या एप्रिलमध्ये नवे पैसे आले तेव्हा ते बारा-तेरा वर्षांचे होते. त्यामुळे जुना आणि नवा असे दोन्ही हिशेब त्यांच्या जिभेवर होते. आमच्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपली की परवचा होई. तिसापर्यंतचे पाढे झाले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि शेवटी औटकी. औट म्हणजे साडेतीन. आजच्या मुलांस हा शब्दही ठाऊक नाही. साडेतीन रुपये मणाने सतरा मणांचे किती, असे वडील विचारीत आणि त्यांचे वाक्य पुरे होण्याआधी दादा ‘साडेएकोणसाठ’ म्हणून मोकळे होत. आम्ही जन्मलो तोवर मेट्रिक वजने येऊन रुळत होती; पण वडिलांनी परवचा सोडला नाही. म्हणून आम्हांसही ती शिदोरी थोडीफार मिळाली.

पुढे क्विंटल आले, यंत्रे आली, तरी दादा कागद घेत नसत. १७ क्विंटल ६० किलो माल, भाव ४,८५० रुपये, असे कोणी म्हटले की ते भाव ५,००० धरून ८८,००० करीत, त्यातून दीडशेच्या हिशेबाने २,६४० वजा टाकीत आणि ८५,३६० रुपये सांगून टाकीत. दिवाणजींचे यंत्र तोवर खिशातून बाहेर आलेले नसे. ४८ गुणिले ५२ विचारले तर पन्नासाचा वर्ग पंचवीसशे, त्यातून दोनाचा वर्ग चार गेला, म्हणजे २,४९६. ही त्यांची करमणूक होती. रस्त्याने जाताना मालमोटारींच्या पाट्यांवरील आकड्यांशीही ते खेळत असत.

अशा माणसाने २०१२ साली, मुगाच्या ऐन हंगामात, सकाळी एका खरेदीदारास १२० पोत्यांचा शब्द दिला आणि दुपारी तीच १२० पोती दुसऱ्यास देऊ केली.

शब्द दोघांसही दिलेला. तो मोडावयाचा नाही, ही आमच्या दुकानाची रीत. आम्ही चढ्या भावाने बाहेरून माल उचलून दोघांचीही पूर्तता केली. तोटा सोसला, त्याचे दुःख फार नव्हते. दुःख झाले ते निराळ्याच गोष्टीचे. सकाळचा सौदा दादांस आठवतच नव्हता. आम्ही त्यांच्यावर रागावलो. लक्ष कोठे असते, असे विचारले. ते हसले. त्या हसण्याचा अर्थ आम्हांस दीड वर्षाने कळला.

ते दीड वर्ष आम्ही ही गोष्ट झाकली. नातीचे लग्न ठरत होते, बाजारात पत होती, चार लोक काय म्हणतील हे भय होते. दादांच्या सहीचे धनादेश आम्ही दुसऱ्यांदा तपासू लागलो, पण वैद्याकडे नेले नाही. ही चूक सर्वस्वी आमची, आणि ती येथे लिहिण्याचे कारण एवढेच की आपल्यापैकी काही घरांत आजही असेच झाकण चालू असेल.

अखेरीस धारवाडच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांचा पहिला प्रश्न विस्मरणाविषयी नव्हता. यांस ऐकू कधीपासून कमी येते, असे त्यांनी विचारले. आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. दादा दूरध्वनीवर नुसते ‘हो, हो’ म्हणतात, पंगतीत गप्प बसतात, हे तीन-चार वर्षे सर्वांनी पाहिले होते. वय झाले, असे म्हणून सोडून दिले होते. दुसरा प्रश्न होता तो असा, की हे डोक्याचे काम काय करतात? तेव्हा मात्र आम्ही अभिमानाने यादी वाचली. रोज सकाळी आनुपूर्वी, संध्याकाळी बुद्धिबळ, दिवसभर तोंडी हिशेब. डॉक्टरांनी शांतपणे सांगितले की कदाचित त्याच सवयींमुळे यांचा आजार तुमच्या लक्षात उशिरा आला असेल. तरतरीत डोक्याचा साठा मोठा असतो. तो आतून कमी होत असला तरी बाहेरून बरेच दिवस दिसत नाही.

तेव्हापासून हा विषय आमच्या मनातून गेलेला नाही. खेळांनी दादांस वाचविले नाही, हे खरे. मग खेळ व्यर्थ काय? तसेही आम्हांस वाटत नाही. ते का, हे सांगावयाचे तर थोडे मागे जाणे भाग आहे.

कोड्यांची आवड ही आपल्या समाजात आणि याच मातीत फार जुनी आहे. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांच्या राज्यात, म्हणजे इसवी सनाच्या नवव्या शतकात, महावीराचार्य या जैन गणितज्ञांनी ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ रचला. अमोघवर्षांची राजधानी मान्यखेट म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड. तेथील तूर आपल्या बाजारात आजही ओळखीची आहे! मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील प्राध्यापक एम. रंगाचार्य यांनी हा ग्रंथ इंग्रजी भाषांतरासह १९१२ साली प्रसिद्ध केला, आणि १९६३ साली सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने तो हिंदी अनुवादासह काढला. सोलापूरची ती प्रत आमच्या वडिलांनी कोणाकडून तरी मिळविली होती. तिची पाठपुठ्ठी निघाली आहे, परंतु पाने शाबूत आहेत.

व्यापाऱ्यास या ग्रंथात घरी आल्यासारखे वाटते. व्याज, भागीदारीतील वाटणी, निरनिराळ्या कसाचे सोने एकत्र वितळविले तर कस किती उरेल, मिश्र मालाचा भाव, हे सारे त्यात आहे. ग्रंथारंभी आचार्यांनी गणिताचा उपयोग कोठे कोठे होतो हे सांगताना संगीत, वैद्यक आणि पाकशास्त्रदेखील सोडलेले नाही. पण सगळ्यांत गंमत वाटते ती अशी की हे उपयुक्त गणित त्यांनी कोड्यांच्या वेषात सांगितले आहे. कोठे प्रेमकलहात तुटलेला मोत्यांचा हार आहे, कोठे झाडावर बसलेले पक्षी आहेत. काही गुणाकार तर त्यांनी केवळ शोभेसाठी दिले आहेत. १३९ ला १०९ ने गुणा, १५,१५१ येतात. उजवीकडून वाचा की डावीकडून, आकडा तोच. १४,२८,५७,१४३ ला ७ ने गुणिले तर १,००,००,००,००१ येतात, म्हणजे दोन टोकांस एक-एक मणी आणि मधे आठ शून्यांची माळ. अशा संख्यांस आचार्यांनी हारांची, कंठ्यांची नावे दिली आहेत. बाराशे वर्षांपूर्वीच्या त्या विरक्त गणितज्ञांस दागिन्यांचा मोह आकड्यांपुरताच असावा.

त्यातील एक कोडे दादांचे विशेष आवडते होते. आम्ही ते आमच्या शब्दांत सांगतो. तीन व्यापारी वाटेने चालले असता त्यांस पैशांची एक पिशवी पडलेली दिसली. पहिला म्हणाला, ही पिशवी मला मिळाली तर तुम्हा दोघांजवळ मिळून जे आहे त्याच्या दुप्पट धन माझ्याजवळ होईल. दुसरा म्हणाला, मला मिळाली तर तुम्हा दोघांच्या तिप्पट माझ्याजवळ होईल. तिसरा म्हणाला, मला मिळाली तर पाचपट. तर प्रत्येकाजवळ किती आणि पिशवीत किती? लहानपणी आम्ही हे सोडवीत बसलो की दादा खट्याळपणे विचारीत, ‘अरे, पण ती पिशवी पडली कोणाची, हे तिघांपैकी एकाने तरी विचारले का?’ वाचकांनी आधी स्वतः प्रयत्न करावा. उत्तर शेवटी देऊ.

आता आनुपूर्वीविषयी. आम्ही दिगंबर, हे पुस्तक आमच्या घरचे नव्हे. शेजारच्या दुकानाचे कच्छी शेठजी सकाळी गादीवर बसून एक हाताएवढी पुस्तिका वाचीत. दादांनी कुतूहलाने विचारले, तेव्हा शेठजींनी तशीच एक प्रत त्यांस भेट दिली. ज्यांच्या घरी ती नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुस्तिकेत २० कोष्टके असतात. प्रत्येक कोष्टकात सहा ओळी आणि प्रत्येक ओळीत १ ते ५ हे आकडे क्रम बदलून मांडलेले. १ म्हणजे अरिहंत, २ सिद्ध, ३ आचार्य, ४ उपाध्याय, ५ साधू. आकडा दिसेल त्याप्रमाणे णमोकार मंत्राचे ते पद म्हणावयाचे. ३-१-५-२-४ अशी ओळ आली तर प्रथम आचार्यांस नमस्कार, मग अरिहंतांस, मग साधूंस, मग सिद्धांस, मग उपाध्यायांस.

एकूण ओळी १२० का? पहिल्या जागेवर पाचांपैकी कोणीही बसू शकतो, दुसऱ्या जागेसाठी चार उरतात, मग तीन, मग दोन, मग एक. यांचा गुणाकार १२०. प्रत्येक कोष्टकात शेवटचे दोन आकडे स्थिर ठेवून पहिल्या तिघांची सहा तऱ्हांनी अदलाबदल केलेली असते, आणि शेवटच्या दोन जागा २० प्रकारे भरता येतात, म्हणून कोष्टके २०. या १२० ओळींपैकी सरळ क्रमाची एक, ती पूर्वानुपूर्वी. अगदी उलट क्रमाची एक, ती पश्चानुपूर्वी. उरलेल्या ११८ अनानुपूर्वी. या संज्ञा अनुयोगद्वारसूत्रातल्या आहेत. क्रमपर्यायांचे जे गणित मुले आज अकरावी-बारावीत शिकतात, ते आपल्या घरांतील आजीबाई नित्यनेमात हाताळीत आल्या आहेत.

यातील खुबी अशी. मंत्र जन्मापासून पाठ असल्यामुळे जीभ सवयीने पुढे पळते. आकडा तिला मागे ओढतो. बोट चारवर आणि तोंडात ‘सिद्ध’ आले की समजावे, मन दुकानात गेले. १९३५ साली स्ट्रूप नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. लाल हा शब्द हिरव्या शाईत छापावयाचा आणि वाचणाऱ्यास शाईचा रंग सांगावयास लावावयाचा. माणूस अडखळतो, कारण वाचण्याची सवय आड येते. ती सवय रोखून धरण्याची ताकद किती, हे त्यावरून मोजतात, आणि मेंदूच्या तपासणीत ही कसोटी आजही वापरली जाते. आनुपूर्वीत हीच ओढाताण आहे, असे आम्हांस वाटते. अर्थात पंचपरमेष्ठींच्या स्मरणास आम्ही डोक्याचा व्यायाम म्हणू इच्छित नाही. ते चित्ताच्या स्थिरतेसाठी आणि कर्मनिर्जरेसाठी आहे. व्यायाम आपोआप घडतो, इतकेच.

स्मरणशक्तीचे नाव निघाले म्हणजे श्रीमद् राजचंद्रांची आठवण होणे क्रमप्राप्त आहे. ते जवाहिराचे व्यापारी होते. १८८७ साली, वयाची वीस वर्षेही पुरी झालेली नसताना, त्यांनी मुंबईत शंभर अवधाने करून दाखविली. म्हणजे शंभर निरनिराळ्या गोष्टी एकाच बैठकीत ध्यानात ठेवून क्रमाने परत सांगितल्या. १८९१ साली विलायतेहून परतलेल्या गांधीजींनी ठाऊक होते तेवढ्या युरोपीय भाषांतील शब्द त्यांस वाचून दाखविले आणि श्रीमदांनी ते त्याच क्रमाने म्हणून दाखविले, ही हकीकत गांधीजींच्या आत्मचरित्रात आहे. मात्र पुढे श्रीमदांनी अवधानाचे प्रयोग सोडून दिले. आत्मसाधनेत त्यांस ते अडथळ्याचे वाटले. ही दुसरी बाजू आपण सांगावयास विसरतो.

आमच्या घरी बुद्धिबळ देशी रीतीचे. प्यादे पहिल्या खेळीसही एकच घर चाले, आणि शह बसण्यापूर्वी राजास एकदा घोड्याची चाल घेण्याची मुभा असे. प्याद्याने मात केली तर त्याचा मान मोठा. सांगलीकडील नातेवाईक सुट्टीत येत, ते मात्र आंतरराष्ट्रीय नियम शिकून आलेले असत. कै. भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या द्वारे सांगलीत या खेळाची जी जोपासना केली, तिचा तो परिणाम. मग पहिला अर्धा तास नियमांवर भांडणात जाई. आता नातवंडे सर्व आंतरराष्ट्रीयच खेळतात. २०२५ च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुख हिने महिलांचा विश्वचषक जिंकला, त्या आठवड्यात आमच्या घरात पटाची सोंगटी मोकळी मिळत नव्हती. घोड्याने चौसष्ट घरांत प्रत्येक घरी एकदाच पाऊल टाकून फिरून यावे, हेही जुने कोडे आहे. म्हैसूरचे मुम्मडी कृष्णराज ओडेयर (१७९४–१८६८) यांस अशा तुरगगतींचा मोठा नाद होता. एकट्या माणसास पावसाळी दुपार घालविण्यास याहून स्वस्त साधन नाही.

बायकांच्या खेळांकडे पुरुषांनी उगाच दुर्लक्ष केले. आमच्याकडे कानडी शेजारणींकडून आलेली अळगुळी मणे आहे. चौदा खळग्यांची ती लाकडी पाटी, त्यात चिंचोके. कोणत्या खळग्यातून वाटप सुरू केले तर शेवटचा चिंचोका कोठे पडेल, हे आधीच मोजावे लागते. आमच्या सौभाग्यवतींनी या खेळात आम्हांस जवळजवळ नेहमीच हरविले आहे, आणि हे छापण्यास त्यांची संमती आहे.

मालमोटारींच्या पाट्यांचा उल्लेख वर केला, त्याचे मूळ देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांच्या शोधात आहे. १९४९ साली त्यांस आढळले की कोणतीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक एकच नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा आणि उत्तरावर पुन्हा तेच करा. अधिकांत अधिक सात फेऱ्यांत ६१७४ येतात आणि तेथेच थांबतात. मालमोटारीचा क्रमांक ४३०९ समजा. ९४३० वजा ०३४९ म्हणजे ९०८१. ९८१० वजा ०१८९ म्हणजे ९६२१. ९६२१ वजा १२६९ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. अमरगोळच्या आवारात वजनकाट्यापुढे गाड्यांची रांग लागली म्हणजे हमालांच्या मुलांसही आम्ही हा खेळ शिकविला आहे. त्यांतील एक मुलगा आमच्याहून लवकर ६१७४ वर पोचतो.

असो. आता शास्त्रज्ञ काय म्हणतात ते. २००३ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील पंचाहत्तरीपुढील ४६९ माणसांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वाचन, पटावरचे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांत रमणाऱ्यांस स्मृतिभ्रंश कमी प्रमाणात झाला, असे त्यात दिसले. परंतु यात एक मेख आहे. ज्यांचे डोके आतून मंदावू लागले आहे ते खेळ आधीच सोडून देतात. मग खेळामुळे डोके राहिले, की डोके राहिले म्हणून खेळ राहिला? ज्याने पेढी चालविली आहे त्यास हा प्रश्न समजेल, कारण पतवान माणसासच कर्ज मिळते आणि कर्ज मिळते म्हणून तो पतवान दिसतो.

अमेरिकेतच २,८३२ वृद्धांवर चिठ्ठ्या टाकून वाटणी केलेला दुसरा मोठा प्रयोग झाला, त्याची दहा वर्षांनंतरची फलश्रुती २०१४ साली आली. ज्यांस तर्काचे शिक्षण दिले त्यांचा तर्क आणि ज्यांस चपळाईचे दिले त्यांची चपळाई दहा वर्षांनीही काही अंशी टिकून होती. स्मरणाच्या शिक्षणाचा परिणाम मात्र तोवर ओसरला होता. मुख्य म्हणजे एकाचा लाभ दुसऱ्यात फारसा गेला नाही. जो पाढे म्हणेल तो पाढ्यांत पक्का होईल. चष्मा कोठे ठेवला ते त्यास आठवेलच असे नाही. डोके वाढविण्याचे खेळ म्हणून भ्रमणध्वनीवर वर्गणी घेऊन जे विकले जाते, त्याविषयी सावध असावे. अतिशयोक्त जाहिरातीबद्दल अशा एका अमेरिकन कंपनीस २०१६ साली तेथील सरकारी आयोगाशी तडजोड करून वीस लाख डॉलर भरावे लागले.

आपल्या देशात साठीपुढील शंभर माणसांत सात जणांहून थोड्या अधिकांस स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आहे. म्हणजे आपल्या मेळाव्यास साठीचे शंभर सभासद जमले तर हिशेब करावा. आणि ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळाने २०२४ साली टाळता येण्याजोग्या चौदा कारणांची यादी दिली, त्यात बहिरेपणा आहे, मधुमेह आहे, रक्तदाब आहे, दृष्टिदोष आहे, एकटेपणा आहे. गादीवर दिवसभर बसून राहणाऱ्या आपल्या जमातीस यातील कोणते लागू पडते ते आम्ही काय सांगावे! कानाच्या यंत्राची लाज वाटते, चष्म्याची वाटत नाही, हे मोठे गूढ आहे. आम्ही स्वतः गेल्या वर्षी तपासून घेतले. डाव्या कानास यंत्र लागले आहे. बाजारात पहिले आठ दिवस थट्टा झाली, पुढे कोणाच्या लक्षातही राहिले नाही.

एक पथ्य मात्र खेळांच्या बाबतीत पाळलेच पाहिजे. सप्तव्यसनांत पहिले नाव जुगाराचे आहे. दिवाळीच्या रात्री पट मांडून ‘शकुनापुरते’ म्हणून पैसे लावणारे आणि पुढे वायद्यात घर घालविणारे आम्ही पाहिले आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. आपल्यापैकी काही घरांतील मुलांचे तोवर व्हावयाचे ते नुकसान होऊन गेले होते. ज्या खेळात हरल्यावर चहा गोड लागतो, तोच खेळ आम्ही घरात येऊ दिला आहे.

दादांचे पुढे काय झाले, ते राहिले. २०१४ पासून सही आणि किल्ल्या पुतण्यांकडे गेल्या. कानाचे यंत्र बसविले. उशीर झाला होता, तरी पंगतीत ते पुन्हा बोलू लागले, थोडेसे हसूही लागले. बुद्धिबळाचा डाव पुरा होईनासा झाला, तेव्हा धाकटी नात त्यांच्यासमवेत नुसता पट मांडीत असे. हत्ती, घोडे, उंट ते अचूक जागी ठेवीत. राजा आणि वजीर यांच्या जागा मात्र अदलाबदल होत, आणि ती मुलगी त्या हळूच सरळ करी. माणसांची नावे गेली. आमचेही गेले. आम्हांस ते मुनीम समजत आणि आजचा मुगाचा भाव विचारीत. आम्ही खरा भाव सांगत असू. आनुपूर्वीची पुस्तिका शेवटपर्यंत हातात होती. पदे आठवेनाशी झाल्यावर ते बोट ठेवून नुसते आकडे वाचीत. तीन, एक, पाच, दोन, चार. २०२० साली ते गेले.

मग त्या सकाळ-संध्याकाळच्या खेळांनी काय दिले? आमच्या मते, आजार आल्यावरही त्यांच्याजवळ बसण्यास घरातल्या मुलांस एक कारण राहिले. ज्या म्हाताऱ्याजवळ पट आहे त्याच्याजवळ नातवंडे येतात. हे कोणत्याही प्रयोगात मोजलेले आम्हांस ठाऊक नाही. आणि एक व्यावहारिक गोष्ट. रोज एकाच माणसाबरोबर खेळत असाल, तर त्याचा खेळ उतरला हे सर्वांआधी तुम्हांस कळते. दादांचे संध्याकाळचे जोडीदार पुढे आम्हांस म्हणाले की २०१० पासूनच डाव सोपे जाऊ लागले होते, पण थोरल्या माणसाविषयी असे बोलावे कसे, म्हणून ते गप्प राहिले. आपल्या जोडीदाराविषयी असे काही जाणवले तर त्याच्या मुलांस सांगावे. धारवाडला डिम्हान्स ही मेंदू व मनोविकारांची सरकारी संस्था आहे, येथून तासाभराच्या आत पोचता येते. आम्ही आमच्या जोडीदारास तशी मोकळीक लेखी देऊन ठेवली आहे, आणि दुकानाच्या मोठ्या सौद्यांवर साठीनंतर दोन सह्या, असा ठरावही घरात केला आहे. पहिली काही वर्षे तो आम्हांस अपमानासारखा वाटला, हे कबूल करतो.

आता पिशवीचे उत्तर. तिघांचे धन आणि पिशवी मिळून जी एकूण रक्कम, तिचे २४ भाग कल्पावे. पहिल्याने पिशवी घेतली तर त्याचे दोन आणि उरलेल्या दोघांचे एक, म्हणजे त्या दोघांजवळ एकूण रकमेचा तिसरा हिस्सा, ८. दुसऱ्याने घेतली तर उरलेल्या दोघांजवळ चौथा हिस्सा, ६. तिसऱ्याने घेतली तर सहावा, ४. ही बेरीज १८. तीत प्रत्येक व्यापारी दोनदा मोजला गेला, म्हणून तिघांचे मिळून ९ आणि पिशवीत १५. नवांतून ८, ६ आणि ४ वजा केले की पहिल्याजवळ १, दुसऱ्याजवळ ३, तिसऱ्याजवळ ५. पडताळा पाहावा. एक आणि पंधरा सोळा, आठांच्या दुप्पट. तीन आणि पंधरा अठरा, सहांच्या तिप्पट. पाच आणि पंधरा वीस, चारांच्या पाचपट.